शुक्रवारचा डेमो आणि ‘जपानी’ केबल

ठाणे-नवी मुंबईत घरच्या खोलीत नाहीतर एखाद्या गाळ्यात छोटा स्टुडिओ चालवणाऱ्यांसाठी हे लिहितेय. सध्या आपल्या भागात एक गृहस्थ ‘स्टुडिओ वायरिंग कन्सल्टंट’ म्हणून फिरताहेत. बोलायला गोड, तांत्रिक शब्द तोंडपाठ, हातात कार्ड नवी मुंबईच्या पत्त्याचं. तुमच्या वायरी स्वस्तातल्या आहेत, म्हणून आवाजाला ‘बॉडी’ येत नाही, असं पटवून ते तुमच्या धडधाकट वायरी घेऊन जातात आणि त्यांच्या जागी नावाजलेल्या जपानी कंपनीचं नाव छापलेला बनावट माल देतात. मला यात चाळीस हजारांच्या आसपास चुना लागला. तक्रार दाखल आहे आणि वकिलांनी नाव लिहायला मनाई केली आहे, म्हणून नाव देत नाही. पण पद्धत सांगते, कारण ती सगळीकडे तीच आहे असं आता कळतंय.

आमचा स्टुडिओ वागळे इस्टेटमध्ये आहे. व्हॉइसओव्हर, ऑडिओबुक आणि गणपतीच्या आधी मंडळांची गाणी, असं आमचं काम. एका बाजूला फॅब्रिकेशनचा गाळा, दुसऱ्या बाजूला पॅकिंगवाले. आमच्या आवारात शुक्रवारी बहुतेक गाळे बंद असतात, आणि गृहस्थांनी डेमोसाठी आग्रहाने शुक्रवारच मागून घेतला. ‘शांततेत फरक नीट कळतो मॅडम.’ त्या दिवशी यात कुणाला काय वावगं वाटणार?

डेमो असा. आमचाच कंडेन्सर माइक, आमचाच प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारं यंत्र). आधी आमच्या जुन्या वायरीवर चार ओळी बोलायच्या, मग त्यांच्या वायरीवर त्याच चार ओळी. वायर बदलताना ते स्वतः प्रीअँपशी उभे. ‘फँटम बंद करूनच वायर काढायची असते,’ असं म्हणत बटणं हाताळत होते. हे म्हणणं चुकीचंही नाही. फँटम म्हणजे वायरीतूनच माइकला दिलेले 48 व्होल्ट, ते चालू असताना वायर उपटली की स्पीकरमधून दणका बसतो. दुसरा टेक ऐकला तेव्हा आवाज खरंच जवळ आल्यासारखा, भरल्यासारखा वाटला. आमचा रेकॉर्डिस्ट, मी आणि बूथमधला कलाकार, तिघांचंही एकमत झालं.

दोन्ही टेक फाइलमध्ये राहिले होते, म्हणून पुढे सगळं उघड झालं. दुसरा टेक पहिल्यापेक्षा साधारण दीड डेसिबलने मोठा आहे. एवढा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. आवाज क्षेत्रातला हा जुना आणि सर्वज्ञात सापळा आहे. पण मेख पुढेच आहे. दोन वाक्यांच्या मधली शांतता तपासली, तर बूथमधली एसीची सूक्ष्म सळसळसुद्धा बरोबर तेवढीच वर गेलेली. वायर चांगली म्हणून आवाज सुधारला असता, तर सळसळ का वाढावी? प्रीअँपवरचं गेनचं, म्हणजे पातळी वाढवायचं, बटण फिरवलं की मात्र आवाज आणि सळसळ दोन्ही हातात हात घालून वर जातात. दोन्ही टेक एका पातळीला आणून डोळे मिटून ऐकले. कुठला कुठला, कुणालाच सांगता आलं नाही.

सौद्यातला दुसरा डाव जुन्या वायरींचा. ‘या तुम्हाला नंतर गोंधळात पाडतील, मी बायबॅक करतो’ असं म्हणत त्यांनी दोन हजार वजा केले आणि सगळा गठ्ठा घेऊन गेले. म्हणजे नंतर ताडून बघायला हाताशी काही उरू नये. आमची एक वायर एका गिटारवाल्याच्या बॅगेत चुकून गेली होती, ती वाचली. तिचा पुढे फार उपयोग झाला.

पुढच्या आठवड्यापासून त्रास सुरू झाला. शेजारी वेल्डिंग पेटलं की हेडफोनमध्ये चर्र. जुन्या वायरींवर हे कधी ऐकलं नव्हतं, आणि वेल्डिंग तर वर्षानुवर्षं तसंच चालू आहे. मग कलाकाराने स्टँड जरा हलवला की फटफट. मंडळाच्या गाण्याचे कोरस चालू असताना एक वायर मधूनच मुकी झाली. फोन केला तर उत्तर तयार: ‘मॅडम, तुमच्या अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे. आमच्या वायरीला काही होत नाही.’ आणि त्यावर उपाय म्हणून बारा हजारांची पॉवर केबल सुचवली! माणसाच्या धंदेवाईक चिकाटीला दाद द्यावी असं क्षणभर वाटलं.

अर्थिंगचा मुद्दा खोटा नसतो, म्हणून इलेक्ट्रिशियन आणून तेही तपासून घेतलं. अर्थिंग ठीक होतं. तसंही अर्थिंगचा किंवा ग्राउंड लूपचा (यंत्रांना अर्थिंगच्या एकाहून जास्त वाटा मिळाल्याचा) दोष असेल तर तो 50 हर्ट्झच्या संथ गुणगुणीसारखा सतत ऐकू येतो. शेजाऱ्याची ठिणगी पडताना चर्र आणि थांबल्यावर शांत, असं त्यात सहसा होत नाही.

शेवटी नव्यांपैकी एक वायर आणि गिटारवाल्याकडची जुनी वायर घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या त्या गल्ल्यांत आयुष्य काढलेले एक दुरुस्तीवाले काका आहेत. त्यांनी आधी दोन्ही वायरी दोन हातांत तोलल्या आणि काही न बोलता कटर उचलला.

वायरीवर छापलं होतं कॅनारे, एल-4ई6एस. ही जपानी कंपनीची स्टार क्वाड केबल आहे, जगभरच्या स्टुडिओंत वापरली जाते, आणि या सगळ्या प्रकाराशी कंपनीचा काडीचाही संबंध नाही. स्टार क्वाड म्हणजे आत चार तारा, दोन निळ्या आणि दोन पांढऱ्या, एकमेकींना पीळ घातलेल्या, आणि वर तांब्याची दाट विणलेली जाळी. काकांनी वरचं आवरण सोललं तर आत तारा दोनच निघाल्या, एक लाल, एक पांढरी, पीळ नावापुरता. जाळी विणलेली नव्हतीच. वटपौर्णिमेला वडाला गुंडाळलेल्या सुतासारखे काही बारीक तंतू विरळ फिरवलेले, मधून आतलं प्लॅस्टिक दिसत होतं. वेल्डिंगची चर्र आत कुठून शिरत होती ते समोर होतं. आणि डेमोला शेजारचे गाळे बंद असलेला शुक्रवारच का हवा होता, तेही.

मग त्यांनी एक तंतू ब्लेडने खरवडला. वरचा तांबूस रंग निघाला आणि आत पांढरं चकाकलं. तोच तंतू लायटरच्या ज्योतीत धरला, तो आक्रसला आणि टोकाला वितळून बारीक मणी झाला. आमच्या जुन्या, ‘स्वस्तातल्या’ वायरीचा तंतू त्याच ज्योतीत लालभडक झाला, पण टिकून राहिला. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, तांब्याला 1085 अंश लागतात. ‘तांब्याचा मुलामा आहे फक्त,’ काका म्हणाले, ‘आत ॲल्युमिनियम. सीसीए म्हणतात याला. सोल्डरचा टाका नीट धरत नाही, आणि चार वेळा वाकवलं की तुटते.’ कनेक्टरचं बूच फिरवून उघडलं तर एका पिनेचा टाका नुसता चिकटलेला, काडीने ढकलताच सुटला. मुक्या वायरीचं कारण तेच.

इथे थोडं खोलात जाते, कारण या गृहस्थांचा सगळा धंदा ‘वायर चांगली तर आवाज चांगला’ या एका अर्धसत्यावर उभा आहे. ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या साधारण 60 टक्के असते, त्यामुळे त्या तारेचा रोध जास्त. पण माइकच्या वायरीत या रोधाने आवाज बिघडत नाही. माइकचा स्वतःचा इंपिडन्स (बदलत्या सिग्नलला होणारा रोध) दीडदोनशे ओहम, प्रीअँपचा दीडदोन हजारांच्या पुढे. त्यात वायरीचा एखादा ओहम इकडेतिकडे झाला तर कानाला पत्ताही लागत नाही. पाच-दहा मीटर लांबीत कपॅसिटन्सचा, म्हणजे वायरीत विद्युतभार साठण्याच्या गुणाचा, परिणामही ऐकू येण्याच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे राहतो. ‘ऑक्सिजन फ्री कॉपर’ची, म्हणजे जास्त शुद्ध केलेल्या तांब्याची, जाहिरात जोरात असते. साधं विजेच्या कामाचं तांबंही 99.9 टक्के शुद्ध असतं, आणि दोन्हींच्या वाहकतेत फरक जेमतेम टक्क्याचा. कनेक्टरवरचा सोन्याचा मुलामा गंजत नाही, आपल्या पावसाळ्यात आणि खाडीच्या हवेत तो उपयोगी आहे, पण त्याने गायकाचा सूर सुधारत नाही.

म्हणजे स्वस्त वायर स्टुडिओत चालते का? चालते. आत खरं तांबं, जाळी भरगच्च, टाके पक्के आणि कनेक्टरमध्ये वायर नीट पकडलेली असेल तर खुशाल चालते. एक्सएलआरची (माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरची) बॅलन्स्ड जोडणी बनलीच आहे त्यासाठी: पिन 2 आणि पिन 3 वर एकच सिग्नल उलटसुलट जातो, वाटेत दोन्हींवर सारखा शिरलेला गोंगाट पलीकडे एकमेकांना खोडतो. अपवाद पॅसिव्ह पिकअपच्या, म्हणजे आत बॅटरीवरचा प्रीअँप नसलेल्या, इलेक्ट्रिक गिटारचा. तिथे लांब आणि जास्त कपॅसिटन्सची वायर वरचे सूर खरंच मंद करते, म्हणून वायर आखूड ठेवावी आणि थोडे जास्त पैसे तिथे घालावेत. बाकी ‘उबदार’, ‘मोकळा’, ‘रेशमी’ वगैरे विशेषणं ऐकली की मी तरी आता चहा मागवते आणि विषय बदलते.

आता आम्ही लॅमिंग्टन रोडवरून मीटरवर तांब्याची साधी बॅलन्स्ड केबल घेतो. कनेक्टर मात्र चांगले घेतो, न्यूट्रिक या नावाजलेल्या कंपनीचे किंवा त्यांच्याच रीन मालिकेतले, आणि तेही ओळखीच्या दुकानातून, कारण न्यूट्रिकच्याही नकला बाजारात येतात. टाके आमचा रेकॉर्डिस्टच मारतो. वेल्डिंग शेजारी चालूच असतं. चर्र नाही.

पैशांचं म्हणाल तर बिल हातात होतं म्हणून थोडी आशा आहे. ते नीट पाहिलं तेव्हा जीएसटी क्रमांक 24 ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो, 24 गुजरातचा. पत्ता मात्र नवी मुंबईचा. जीएसटीच्या साइटवर कुणालाही क्रमांक टाकून बघता येतो, लॉगिन लागत नाही. आम्ही टाकला तर निघाली एक कापडाची पेढी, नोंदणी रद्द झालेली. हे दोन मिनिटांचं काम पैसे देण्याआधी करण्यासारखं आहे, फोनवरही होतं.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन केला तेव्हा पहिली शंका हीच आली की स्टुडिओ हा धंदा, मग आम्ही ग्राहक कसे? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळला आहे हे खरं, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. आमच्यासारखे दोन-तीन माणसांचे स्टुडिओ त्या स्पष्टीकरणाचा आधार घेऊ शकतात. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार ऑनलाइन करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. समोरच्याने आमचा नंबर ब्लॉक केलाय, त्यामुळे नोटीस पोचवणं हेच सध्या मोठं काम होऊन बसलंय.

अशा माणसाकडून वायरी घेतल्या असतील तर रागाच्या भरात सगळ्या कापून बघू नका. मी एक कापली, बाकीच्या पिशवीत बांधून तशाच ठेवल्या आहेत. मालाच्या दोषाबद्दल वाद असेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि त्यासाठी न उघडलेली वायर हातात लागते. डेमोच्या फाइलीही पुसू नका, व्हॉट्सॲपवरचं बोलणं ठेवा. आणि नवी घेणार असाल तर बिलावर नुसतं ‘स्टुडिओ केबल’ लिहून घेऊ नका. कंपनी, मॉडेल, मीटर आणि ‘तांबं’ हा शब्द दुकानदाराच्या हाताने लिहून घ्या.