शुअर एसएम ५८ माइक: परभणीच्या पत्र्याखाली दोन वर्षं वापरून

हा रिव्ह्यू स्टुडिओवाल्यांसाठी नाही हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ज्यांच्याकडं एकच खोली आहे, वर पत्रा आहे, शेजारी पिठाची गिरणी आहे आणि तरीबी गाणं रेकॉर्ड करायचंय, त्यांच्यासाठी आहे. माझं घर परभणीत. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" म्हणतात त्या परभणीत. लग्नसराईत आणि गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात गायचं, बाकीचे दिवस मोबाईलच्या दुकानात काउंटर सांभाळायचं आणि रात्री स्वतःची पॉप गाणी करायची, असं आठ वर्षं चालूय. कंपनी नाही, मॅनेजर नाही, गाणं लिहिणं, चाल, मिक्सिंग, कव्हरचा फोटो सगळं घरीच. आणि हो, मी क्वीअर आहे, म्हणजे बाई-पुरुषाच्या ठरलेल्या चौकटीत न बसणारं माणूस. ते माइकच्या रिव्ह्यूत कशाला असं वाटत असेल तर जरा दम धरा, या दोन गोष्टींचा लई जवळचा संबंध निघाला.

आधीचा माइक कंडेन्सर होता. यूट्यूबवर सगळे तेच सांगतात, होम स्टुडिओ म्हणलं की कंडेन्सर. त्याचं नाव देत नाही, कारण चूक माइकची नव्हतीच, खोलीची होती. कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधनंच दिलेली वीज, लागते आणि त्याचे कान इतके तिखट की कूलरची घरघर, गिरणीचा पट्टा, दोन घरं पलीकडच्या कुकरची शिट्टी, गल्लीतनं गेलेला भंगारवाला, सगळे गाण्यात. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढं असताना पंखा आणि कूलर दोन्ही बंद करून पत्र्याखाली तीन मिनिटांचा टेक देऊन बघा एकदा, घामानं हेडफोन कानावरून घसरतात. मग रात्री दोननंतर रेकॉर्डिंग. पण रात्री दोनला घरचे झोपलेले असतात, म्हणजे आवाज दाबून गायचं, पुटपुटल्यासारखं. एका टेकमध्ये पलीकडच्या खोलीतनं पप्पांचं "झोप आता" एकदम स्वच्छ आलंय. ते मी काढलंच नाही, गाण्यात तसंच आहे, दोघातिघांनी विचारलं की हे सॅम्पल कुठनं उचललं म्हणून.

मग ऑर्केस्ट्रातल्या साउंडवाल्या काकांनी सांगितलं, "ते कंडेन्सर विकून टाक अन् ५८ घे." तुम्ही हा माइक बघितलेला आहे, नाव माहीत नसलं तरी. गोल जाळीचं डोकं, काळपट दांडा, कीर्तन असो, भाषण असो की कव्वाली, स्टेजवर तोच. शुअर कंपनीनं १९६६ मध्ये काढला आणि अजून तसाच विकायलेत. नावातलं एसएम म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन, म्हणजे गंमत बघा, काढला स्टुडिओसाठी आणि सगळी हयात गेली मांडवात.

आता माझा मूर्खपणा. ऑनलाइन एका सेलरकडं तीन हजारात दिसला आणि मी लगेच ऑर्डर टाकली. डबा, पाउच, स्टिकर, माहितीपत्रक सगळं होतं. आवाज मात्र रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. काकांनी हातात घेतला, दोनदा झेलला आणि म्हणाले वजन कर याचं. खऱ्याचं वजन कंपनी २९८ ग्रॅम सांगते. गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर ठेवला तर २३० च्या आसपास भरला. सोनारानं चष्म्यावरनं बघितलं आणि एवढंच म्हणाला, "खोट हाय यात." तोवर रिटर्नची मुदत संपून दोन दिवस झालेले, तीन हजार पाण्यात. तर पहिला सल्ला हाच, या माइकच्या नकला लई फिरतात, अर्ध्या किमतीत दिसला की समजून जा, अधिकृत डीलरकडनं पक्क्या बिलावर घ्या. माझा खरा माइक दहा हजाराला थोडा कमी असा पडला, आणि ते दहा हजार जमायला अख्खी लग्नसराई गेली.

डब्यावर एसएम५८-एलसी असं लिहिलेलं असतं. एलसी म्हणजे लेस केबल, म्हणजे केबल मिळणार नाही, वेगळी घ्या. आपल्याकडं एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, त्यामुळं मला क्षणभर वाटलं आता याच्यावरबी नाव, आडनाव, जात सगळं लिहून आलं की काय. माझ्या एलसीवरचं नाव आता फक्त आधार आणि बँकेत चालतं, गाण्यांवर दुसरंच आहे आणि ते इथं सांगणार नाही, दुकानाचे मालक हे वाचू शकतात. केबलसाठी चार-पाचशे वेगळे धरून चाला, दीडशेवाली घेऊ नका, माझी दोन महिन्यात खरखरायला लागली. आणि याला बंद-चालूचं बटण नसतं, बटणवाला पाहिजे तर ५८ एस म्हणून वेगळा येतो. मला बिनबटणाचाच बरा वाटतो, लग्नात कुणीबी हातात घेऊन बटण दाबून ठेवतं आणि मग आपण नुसतं तोंड हलवायचं.

आता आवाज. हा डायनॅमिक माइक आहे, आत चुंबक आणि एक बारीक कॉइल, ना बॅटरी ना फँटम पॉवर. जवळचं ऐकतो, लांबच्याकडं लक्ष देत नाही. कूलर माइकच्या पाठीमागं ठेवून भर मे महिन्यात दुपारी तीनला टेक मिळालाय मला, गिरणी एवढीशी येते पण ढोलकीखाली लपून जाते. याचा पॅटर्न कार्डिऑइड, म्हणजे समोरचं पूर्ण ऐकणार, बाजूचं थोडं, पाठीमागचं जवळपास नाही. स्टेजवर माइकचं तोंड आपल्याकडं असतं आणि पाठ पब्लिककडं. त्यामुळं मागच्या खुर्च्यांवरून कोण काय ओरडायलंय, कुठला शब्द वापरायलंय, ते माइकमध्ये येत नाही. माझ्या कानात येतं. पण स्पीकरमधनं ते चौपट होऊन बाहेर पडत नाही, काही रात्री एवढंच पुरतं.

आणि खरी गोष्ट म्हणजे प्रॉक्सिमिटी इफेक्ट. माइक ओठांपासून साधारण ६ मिलिमीटरवर आणला की १०० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे खर्जाचा, आवाज ६ ते १० डेसिबलनं फुगतो, हे कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे आणि सगळे ते दोष म्हणून वाचतात. माझ्यासाठी तोच माइकचा सगळ्यात मोठा गुण. जाळीला ओठ टेकवून गायलं की आवाज जाड, छातीतनं आल्यासारखा, आणि तोच माइक चार बोटं लांब नेला की आवाज बारीक, हलका, वर तरंगणारा. गळ्यानं निम्मं काम करायचं, मनगटानं निम्मं. ऑर्केस्ट्रात ड्युएटच्या दोन्ही बाजू माझ्याच असतात, लग्नाचा यजमान खूश की एका पाकिटात दोन गाणारे आले. आधीच्या माइकवर ही दोन माणसं वेगळी वाटायची, जोड दिसायचा. ५८ वर एकातनं दुसऱ्यात सरकता येतं, मधली जागासुद्धा सापडते, तिथं तो आवाज कुणाचा हे मलाच सांगता येत नाही. माझ्या स्वतःच्या गाण्यांना मला तीच जागा लागते.

२०१८ च्या हिंदी सारेगमपमध्ये सुशांत दिवगीकर यांनी राणी कोहिनूर या बायकी वेशातल्या रूपात पुरुषी आणि बायकी दोन्ही आवाजात गायलं होतं. आमच्याकडं टीव्ही लागलेला होता, पप्पा समोर, रिमोट हातात. त्यांनी चॅनल बदललं नाही, फक्त आवाज कमी केला. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाचा ३७७ चा, म्हणजे समलैंगिक संबंध गुन्हा नाही हा, निकाल आलेला, त्यावर घरात एक शब्द निघाला नव्हता. मला आठवतो तो कमी केलेला आवाज, कारण बंद नव्हता केलेला.

जरा माइक बाजूला ठेवून भाषेचं सांगतो-सांगते, बघा, इथंच गोची आहे. मराठीत प्रेमाचं गाणं लिहायला बसलं की क्रियापद लगेच चुगली करतं. "तू आलास" म्हणलं की मुलगा, "आलीस" म्हणलं की मुलगी, "मी थांबलो" की "मी थांबले", झालं, पहिल्याच ओळीत दोघांचे एलसी पब्लिकच्या हातात. मग पळवाटा शोधायच्या. भविष्यकाळाला लिंग नाही, "तू येशील", "मी थांबेन". "मी पाहिलं", "तू सांगितलंस" हे कुणाच्याबी तोंडी बसतं. "आपण भेटलो" तर सगळ्यात सेफ. त्यामुळं माझी गाणी एकतर उद्याची नाहीतर आपल्या दोघांची. ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला म्हणतो, तुझ्या गाण्यात कुणी कधी येतच नाही, नुसतं येईल येईल. बरोबर आहे त्याचं. हा रिव्ह्यूबी तसाच लिहिलाय, ती वरची एक घसरण सोडून, आणि ती मुद्दाम दोन्ही बाजूंनी. वर जाऊन शोधा मी कोण ते.

हे काही मी शोधलेलं नाही. गंगाखेडच्या जनाबाई, आमच्याच जिल्ह्यातल्या, विठ्ठलाला विठाई म्हणतात, बाप्या देवाला सरळ आई करून टाकलं. ज्ञानोबांच्या विरहिणी आणि पैठणच्या नाथांच्या गवळणी बाईच्या तोंडच्या आहेत, आणि सप्त्यात मिशावाले बाप्ये टाळ वाजवत त्या गातात, कुणाला काही खटकत नाही. मी केलं की मात्र खटकतं, माझ्या गळ्यात माळ नाही म्हणून असेल.

पैशाचं विचाराल तर हा माइक गाण्यांनी फेडला नाही, लग्नांनी फेडला. एका मोठ्या स्ट्रीमिंग ॲपचा २०२४ पासून नियम आहे की वर्षभरात १००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचा पैसाच नाही. माझी गाणी सात, हजाराच्या वर गेलेली दोन. चॅपल रोन म्हणून एक अमेरिकन क्वीअर पॉप गायिका आहे, मिझुरी राज्यातल्या विलर्डची, नाव घेतलेलं, चॅपल हे तिच्या आजोबांचं आडनाव. सतराव्या वर्षी मोठ्या रेकॉर्ड कंपनीनं साइन केली, २०२० मध्ये सोडून दिली, मग ती आपली काही महिने गावाकडं परत, ड्राइव्ह-थ्रूत, म्हणजे गाडीतनंच खायला-प्यायला घ्यायच्या दुकानात, नोकरी, नंतर पुन्हा लॉस एंजेलिसला जाऊन मिळेल ते काम करत, कंपनीशिवाय गाणी काढत राहिली. २०२३ ला पहिला अल्बम आला, फेब्रुवारी २०२५ ला ग्रॅमीत बेस्ट न्यू आर्टिस्ट. तिथं स्टेजवर वही उघडून तिनं वाचलं की कंपन्यांनी नव्या कलाकारांना जगण्यापुरता पगार आणि हेल्थ इन्शुरन्स द्यायला पाहिजे. मी ते रील काउंटरवर उभ्या उभ्या बघितलं, समोर गिऱ्हाईक टाइप-सी चार्जर मागत होतं. आता उगं इंडिपेंडंटचं कौतुक नको, तिचाबी तो अल्बम शेवटी मोठ्या कंपनीच्याच मदतीनं पोचला. पण मधली ती वर्षं, नोकरी करून घरी येऊन गाणं करायची, ती मला पाठ आहेत.

वाईट बाजू पण ऐका. हा माइक गेन लई मागतो, म्हणजे याचा आवाज मागनं लई वाढवावा लागतो. स्वस्त इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) असेल तर नॉब जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावा लागतो आणि मग मागनं सूंऽऽ असा आवाज सुरू होतो, माझ्या इंटरफेसचं तसंच आहे, नवीन घ्यायला अजून एक लग्नसराई लागेल. ५० ते १५,००० हर्ट्झ एवढीच रेंज, कंडेन्सरची चकाकी नाही, श्वासाचा बारीक आवाज, ओठांची हालचाल असलं काही पकडत नाही. जाळीत फोम असला तरी प, फ, भ आपटतात, थोडा तिरका धरायची सवय लावा. जाळी मात्र दणकट. हिंगोलीला एका हळदीत नवरदेवाच्या मित्रानं हवेत उडवून झेलायला बघितला आणि झेलला नाही, जाळीला खोक पडली, आवाजाला काही नाही झालं. जाळी आटे फिरवून निघते, वेगळी विकतबी मिळते. मांडवात दहा जणांच्या तोंडाला लागून येतो, त्यामुळं महिन्यातनं एकदा जाळी काढून धुवायची, सावलीत पूर्ण वाळवायची आणि मगच लावायची. एकदा मी वास घेतला होता धुवायच्या आधी, सांगत नाही.

पाचपैकी चार स्टार. केबल दिली असती तर साडेचार.

आणि एक राहिलं. गेन लई लागतो म्हणून या माइकवर पुटपुटून चालत नाही, मोकळा आवाज लावावा लागतो. म्हणजे रात्री दोनचं रेकॉर्डिंग बंद, आता सगळं दुपारी, कूलर चालू, दार उघडं, आणि माझी गाणी घरच्यांना पहिल्यांदा शब्दासकट ऐकू जायला लागली. याची भीती होती, खोटं कशाला बोलू. पप्पा दुपारी शेतीच्या ऑफिसात असतात. माय दारात बसून गवार मोडत असते, ती मला अजून लेकरू म्हणते, लेकरू आलं, लेकरू जेवलं, तिच्या व्याकरणात तेवढंच आहे. मागच्या आठवड्यात एका ओळीचे अकरा टेक झाले, अकराही वेळा "तू येशील, तू येशील". बाराव्याला तिनं गवारीची शेंग तशीच हातात धरून आत बघितलं.

"कोण यायचंय एवढं? सैपाक किती टाकू?"

दोन भाकरी जास्ती टाक म्हणलं.