मुरलेल्या गवयांचे चार बँड: सुरुवात कुणापासून करावी?

अमेरिकन कंट्री रॉक (तिथल्या गावाकडच्या ‘कंट्री’ गाण्यांना रॉकची जोड) ऐकायचं मनात आहे पण नेमकं कुठून शिरावं कळत नाही, असं कुणी म्हटलं की मी एकच वाट दाखवते. आपापल्या जागी नाव कमावून बसलेल्या गवयांनी पुढे एकत्र येऊन जे बँड काढले, तिथून सुरुवात करा. एकाच अल्बममध्ये चार-पाच जणांशी ओळख होते. त्यातला ज्याचा आवाज मनात घर करेल, त्याच्या जुन्या गाण्यांकडे पाय आपोआप वळतात.

असे बँड बरेच झाले. माझ्याकडे वर्षानुवर्षं वाजत आलेले चार: साउदर-हिलमन-फ्युरे बँड (पहिला अल्बम १९७४), हायवेमेन (१९८५), ट्रॅव्हलिंग विलबरीज (१९८८) आणि टेक्सास टोर्नेडोज (१९९०). यांतून निवडताना मी एकच गोष्ट बघते. बँड निघायच्या आधीपासून या माणसांचं एकमेकांकडे येणंजाणं होतं का? ते असलं की गाण्यात ऐकू येतं, आणि नसलं तर तेही ऐकू येतं.

साउदर-हिलमन-फ्युरे हे कागदावर सगळ्यांत वजनदार नाव. रिची फ्युरे आधी बफेलो स्प्रिंगफील्डमध्ये होता आणि नंतर पोकोमध्ये. ख्रिस हिलमन बर्ड्स आणि फ्लाइंग बरिटो ब्रदर्समधून आलेला. जे. डी. साउदर ईगल्स या बँडच्या गोतावळ्यातला, त्यांच्यासोबत गाणी लिहिणारा. म्हणजे कंट्री रॉक ज्यांनी घडवलं, त्यांतलेच तिघं. पण त्यांना एकत्र बसवण्याची कल्पना असायलम रेकॉर्ड्सच्या डेव्हिड गेफनची. तिघंही तिशीच्या आसपासचे, प्रत्येकाला आपलं गाणं पुढे यायला हवं होतं. पहिला अल्बम अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत ११व्या क्रमांकापर्यंत गेला, फ्युरेचं ‘फॉलिन इन लव्ह’ गाजलं, १९७५ मध्ये दुसरा अल्बम आला आणि बँड संपला. ऐकताना एकाच चाळीतल्या तीन बिऱ्हाडांसारखं वाटतं. भिंती सामाईक, चुली वेगळ्या. ज्याने गाणं लिहिलं तो गातो, बाकीचे मागून सूर धरतात.

तरी त्यात एक माणूस ऐकण्यासारखा आहे, अल पर्किन्स. तो पेडल स्टील गिटार वाजवतो. हे वाद्य छोट्या टेबलासारखं पुढ्यात आडवं ठेवतात, तारांवर लोखंडी दांडी फिरवतात, आणि पाय नि गुडघ्यांनी तारांचा ताण वाजवतानाच कमीजास्त करतात. त्यामुळे सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर घसरत जातो. जुन्या हिंदी गाण्यांतली हवाईयन गिटार ज्यांना आवडते, त्यांना हा आवाज परका वाटणार नाही. पर्किन्सच्याच सहवासात फ्युरे ख्रिस्ती धर्माकडे ओढला गेला आणि पुढे कोलोरॅडोत धर्मोपदेशक झाला. बँड दोन वर्षांत मोडला, पण फ्युरेचं आयुष्य तिथे वळलं. हा अल्बम मात्र सुरुवातीला घेऊ नका. कान तयार झाल्यावर घ्या, तेव्हा त्यातली कारागिरी दिसेल.

विलबरीज याच्या अगदी उलट. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला एका सिंगलच्या (एका गाण्याच्या तबकडीच्या) मागच्या बाजूसाठी जास्तीचं गाणं हवं होतं, एवढंच निमित्त. एप्रिल १९८८ मध्ये संगीत-निर्माता जेफ लिन आणि गायक रॉय ऑर्बिसन त्याच्या सोबत होते, बॉब डिलनच्या मालिबूच्या घरी गॅरेजमध्ये रेकॉर्डिंगची सोय होती, आणि हॅरिसनची गिटार टॉम पेटीच्या घरी राहिली होती म्हणून पेटीही आला. गॅरेजमधल्या एका खोक्यावर ‘हँडल विथ केअर’ अशी चिठ्ठी होती. तेच गाण्याचं नाव झालं. कंपनीला गाणं इतकं आवडलं की ते मागच्या बाजूला घालवायला कुणी तयार होईना. मग पाचही जणांनी मे महिन्यात दहा दिवसांत अख्खा अल्बम उभा केला.

मुख्य रेकॉर्डिंग संगीतकार डेव्ह स्टुअर्टच्या लॉस एंजेलिसमधल्या घरी झालं. पाच गिटारी स्वयंपाकघरात बसून वाजवल्या. ‘रॅटल्ड’ या गाण्यात ड्रमर जिम केल्टनरने तिथल्या फ्रिजमधल्या जाळीच्या कप्प्यांवर काठ्या चालवल्या आहेत. हेडफोन लावून ऐका, ती खणखण स्पष्ट येते. ती पहिल्यांदा कानात पडली तेव्हा मला आपल्याकडची जेवणानंतरची मैफल आठवली. तबला यायचा असतो आणि तोवर कुणीतरी पितळी डब्यावर ठेका धरतं.

हा अल्बम कुणालाही आवडतो. माझी अडचण वेगळी आहे. तुम्हाला कंट्री रॉक समजून घ्यायचं असेल तर विलबरीजमध्ये ते थोडकंच आहे. त्यात पन्नाशीच्या दशकातलं रॉक अँड रोल आणि लिनची चकचकीत घडण जास्त. गाणी ओठांवर बसणारी हवी असतील, घरातल्या सगळ्यांना एकत्र ऐकायचं असेल, तर मात्र यासारखं दुसरं नाही. ऑर्बिसनचा आवाज वर चढतो तिथे माझ्या अंगावर अजून काटा येतो. अल्बम ऑक्टोबरमध्ये आला आणि ६ डिसेंबरला, ५२व्या वर्षी, ऑर्बिसन गेला. ‘एंड ऑफ द लाइन’ या गाण्याच्या चित्रफितीत त्याच्या ओळींच्या वेळी एक झुलती खुर्ची दिसते आणि तिच्यात ठेवलेली गिटार. उरलेल्या चौघांनी १९९० मध्ये आणखी एक अल्बम केला, पण ती ऊब त्यात नाही. पहिलाच घ्या. (हॅरिसन आपल्यालाही जवळचा. जानेवारी १९६८ मध्ये त्याने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं, तेव्हा साथीला शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया होते. जमवून घ्यायची त्याची वृत्ती तेव्हापासूनची.)

आता हायवेमेन. जॉनी कॅश, विली नेल्सन, वेलन जेनिंग्ज, क्रिस क्रिस्टोफरसन. १९८५ मध्ये यांतला सगळ्यांत धाकटा जेनिंग्ज ४८ वर्षांचा होता. कॅश आणि जेनिंग्ज साठच्या दशकात नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्रीच्या पंढरीत, एकाच घरात राहिलेले. क्रिस्टोफरसन ऑक्सफर्डला शिकलेला आणि सैन्यात हेलिकॉप्टर चालवलेला, पण गाणी लिहायची म्हणून नॅशव्हिलला येऊन कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत झाडलोट करत होता. कॅशने आपली गाणी ऐकावीत म्हणून एकदा त्याने थेट कॅशच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरवलं. १९८४ मध्ये कॅशच्या नाताळच्या टीव्ही कार्यक्रमासाठी चौघं स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे जमले. फावल्या वेळात गाणी म्हणत बसले आणि तिथून ही गोष्ट निघाली. पहिल्या दोन अल्बमवर तर बँडचं नावही नाही, चार आडनावं आहेत.

‘हायवेमन’ हे त्यांचं शीर्षकगीत जिमी वेबने लिहिलेलं. ग्लेन कॅम्बेलने ते आधी एकट्याने गायलं होतं, पण या चौघांच्या तोंडी आलं आणि त्याला खरा अर्थ मिळाला. चार कडवी, चार जन्म. नेल्सन वाटमाऱ्या, त्याला फासावर चढवतात. क्रिस्टोफरसन खलाशी, तो समुद्रात जातो. जेनिंग्ज कोलोरॅडो नदीवर धरण बांधणारा मजूर, पाय घसरून ओल्या काँक्रिटमध्ये गाडला जातो. आणि शेवटी कॅश, अवकाशयान हाकणारा. तो म्हणतो, मी परत येईन, कदाचित पुन्हा वाटमाऱ्या होईन, कदाचित पावसाचा एक थेंब. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा लहानपणापासून कानावर असलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकन कंट्रीतलं इतकं लगेच आपलं वाटणारं दुसरं गाणं मला माहीत नाही.

यातली गंमत आवाजांच्या क्रमात आहे. नेल्सनचा आवाज नाकातला, ठेक्याच्या जरा मागून चालणारा. क्रिस्टोफरसनचा खरबरीत, सुरात कच्चा पण खरा. जेनिंग्जचा भरदार. मग कॅश येतो, मंद्रातून, आणि गाणं जमिनीवरून सुटतं. हे गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच अल्बममध्ये गाय क्लार्कचं ‘डेस्परेडोज वेटिंग फॉर अ ट्रेन’ आहे, एक मुलगा आणि त्याला आजोबांसारखा असलेला तेलविहिरींवरचा म्हातारा यांचं. आजोळी वाढलेल्या माणसाने ते एकट्याने ऐकावं.

यांच्या मैत्रीचा पुरावा मंचाबाहेरही आहे. १९८८ मध्ये जेनिंग्जवर हृदयाची शस्त्रक्रिया झाली. कॅश त्याला भेटायला इस्पितळात गेला, तेव्हा तूही तपासून घे म्हणून जेनिंग्ज त्याच्या मागे लागला. तपासणीत कॅशलाही बायपास लागणार असल्याचं निघालं आणि मित्राला बघायला गेलेला माणूस त्याच इस्पितळात दाखल झाला. न्यूयॉर्कजवळच्या नॅसॉ कोलिसियममधल्या १९९० च्या कार्यक्रमाचं चित्रण बघा, एक गात असताना बाकीचे तिघं त्याच्याकडे कसे बघतात ते बघा. अल्बममध्ये दोष आहेत, लपवत नाही. चिप्स मोमनच्या निर्मितीत ऐंशीच्या दशकातला गुळगुळीतपणा आहे आणि चौघांचे आवाज पूर्ण लागलेली गाणी कमीच. दुसरा आणि तिसरा अल्बम पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

आणि मग टेक्सास टोर्नेडोज. यांचं नाव आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक, म्हणून जरा सविस्तर. गाव टेक्सासमधलं सॅन अँटोनियो. डग साहम अकराव्या वर्षी कंट्रीचा दिग्गज गायक हँक विल्यम्ससोबत मंचावर बसलेला. ऑगी मायर्स त्याचा जुना साथीदार, ऑर्गनवाला. फ्रेडी फेंडर, मूळ नाव बाल्देमार वेर्ता, आडनाव घेतलं ते गिटारच्या कंपनीवरून. तुरुंगवास भोगून, मेकॅनिकचं काम करून आलेला, आणि १९७५ मध्ये त्याचं गाणं कंट्री आणि पॉप अशा दोन्ही याद्यांत पहिलं आलं. चौथा फ्लाको हिमेनेस, अकॉर्डियनवाला. त्याचे वडीलही नावाजलेले अकॉर्डियनवादक.

टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक वसाहतवाले पोल्का आणि अकॉर्डियन घेऊन आले, तिथल्या मेक्सिकन लोकांनी ते उचललं, बाहो सेक्स्तो या बारा तारांच्या गिटारसारख्या वाद्याची साथ दिली आणि स्वतःचं संगीत केलं. टोर्नेडोजने त्यात कंट्री आणि रॉक मिसळलं. एकाच गाण्यात इंग्रजी आणि स्पॅनिश येतं. सीमाभागातल्या मराठी-कानडी घरांत एका वाक्यात दोन भाषा नांदतात, तितक्याच सहज.

आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे माझे काका आहेत. त्यांना मी फ्लाकोचं वाजवणं मोबाईलवर दाखवलं. अकॉर्डियन आणि पेटी नात्यातलीच, दोन्हीत हवेने पट्ट्या थरथरतात. पण फ्लाकोच्या बटणांच्या अकॉर्डियनमध्ये तेच बटण दाबून भाता ओढला तर एक सूर लागतो आणि ढकलला तर दुसरा. काकांनी दोनदा मागे नेऊन बघितलं. मग म्हणाले, “अगं, पेटीला भाता म्हणजे नुसता श्वास. याचा तर भाताच बोट झालाय.” त्यानंतर ते शब्द एकही न कळता पूर्ण अल्बम ऐकत बसले. १९९० चा हा पहिला अल्बम इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन आवृत्त्यांत निघाला, आणि फ्लाकोच्या वडिलांच्या ‘सोय दे सान लुईस’ या गाण्याला ग्रॅमी मिळालं. साहम १९९९ मध्ये गेला, फेंडर २००६ मध्ये, फ्लाको २०२५ मध्ये.

माझं मत विचाराल तर शब्द ऐकणाऱ्याने हायवेमेनपासून सुरुवात करावी. कॅश आणि जेनिंग्जचे उच्चार इतके स्वच्छ आहेत की इंग्रजी गाणी कळत नाहीत म्हणणाऱ्यालाही अडत नाही. रात्रीच्या लांबच्या प्रवासात तेच लावा. शब्दांपेक्षा साथ आणि लय आधी ऐकणाऱ्याने, विशेषतः घरात पेटी-तबला असलेल्याने, सरळ टोर्नेडोज घ्यावेत. दोन्हीत मन रमेल का अशी शंका असेल तरच विलबरीज. आणि हातात तीन-चार मिनिटंच असतील तर ‘हायवेमन’ लावा, डोळे मिटा, आणि कॅशचं कडवं येईपर्यंत थांबा.