पोर्टलवर हप्ता जमा, पासबुकात मात्र नोंद नाही

पीएम किसान आणि नमो शेतकरी महासन्मान निधी या योजनांचे पैसे ज्यांच्या घरी येतात, आणि विशेषतः ज्यांचे वयस्कर आईवडील गावी एकटे राहतात, त्यांनी हा अनुभव जरूर वाचावा.

माझ्या आईच्या नावावर थोडी कोरडवाहू जमीन आहे. केंद्राचे वर्षाला ६००० आणि राज्याचे ६००० रुपये, दोन-दोन हजारांच्या हप्त्यांनी, तालुक्याच्या बँकेतील तिच्या खात्यात नियमित जमा होत असत. बियाणे-खताची उधारी ती त्यातूनच भागवत असे. पुढे हप्ते येणे बंद झाले. चौकशी केली तेव्हा पोर्टलवर प्रत्येक हप्ता जमा झाल्याचे दिसत होते, आणि बँकेतील कर्मचारी मात्र खात्यात काहीच आले नसल्याचे सांगत होते. दोघांचेही म्हणणे खरे होते.

त्याआधीच्या पावसाळ्यात ऑनलाइन कामे करून देणारा एक जण गावात दारोदार फिरला होता. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, केली नाही तर यादीतून नाव कटेल, असे सांगून त्याने अनेकांचे अंगठे घेतले. कापूस वेचून आणि खुरपे धरून आईच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यामुळे अंगठा सहजी उमटत नाही हे तिलाही ठाऊक होते. ‘मावशी, रेषा येत नाहीत, परत दाबा,’ असे म्हणत त्याने ओल्या रुमालाने अंगठा पुसून तो यंत्रावर पुनःपुन्हा ठेवायला लावला. त्यांपैकी एका अंगठ्यावर तिच्या नावाने एका पेमेंट बँकेत (कर्ज न देता फक्त ठेवी आणि पैशांची देवघेव करणाऱ्या बँकेत) नवे खाते उघडले गेले आणि त्याला मोबाइल क्रमांक त्या माणसाचा जोडला गेला. साहजिकच पैसे जमा झाल्याचा एकही संदेश आमच्याकडे आला नाही.

हे शक्य होते, कारण आधारवर आधारित अनुदान खाते क्रमांक पाहून जात नाही. आधारशी सर्वांत शेवटी जी बँक जोडली गेली असेल, तिथे ते जमा होते. हा प्रकार नवाही नाही. २०१७ साली एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत ग्राहकांच्या नकळत उघडलेल्या खात्यांत गॅसचे अनुदान वळल्याचे उघड झाले होते आणि आधार प्राधिकरणाला कारवाई करावी लागली होती. इतक्या वर्षांनंतरही एका अंगठ्यावर बँक बदलता यावी, याचा मला मनस्वी संताप येतो.

आमच्या बाबतीत उलगडा झाला तो आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर. तिथे ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये आधारशी जोडलेल्या बँकेचे नाव आणि जोडणीची तारीख दिसते. आईने जिचे नावही कधी ऐकले नव्हते, ती बँक तिथे होती आणि तारीख होती त्या पावसाळ्यातली. त्याच ठिकाणी गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे-कुठे वापरले गेले, याचीही यादी मिळते. केवायसी झाल्यावर लगेच ती पाहिली असती, तर एकामागोमाग एक झालेल्या नोंदी तेव्हाच दिसल्या असत्या. आधारला जोडलेला मोबाइल चालू असेल तरच ही माहिती मिळते, म्हणून मोबाइल जोडण्याचे काम आधी करून घ्यावे.

जुन्या बँकेत आधार सीडिंगचा, म्हणजे खाते आधारशी जोडण्याचा, अर्ज दिल्यावर पुढचा हप्ता पुन्हा पासबुकात आला. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवल्यानंतर ते परके खाते गोठवले गेले. त्यात किरकोळ शिल्लक उरली होती. आधीचे हप्ते अद्याप परत मिळालेले नाहीत. गावातील आणखी काही घरांतही हाच प्रकार निघाला आणि त्यांत दोन विधवा महिला आहेत, ज्यांना आपला हप्ता सरकारनेच बंद केला असे वाटत होते.

पीएम किसानची केवायसी ओटीपीने किंवा चेहरा दाखवून घरच्या मोबाइलवर विनामूल्य होते. अंगठा द्यावाच लागला तर प्रत्येक वेळी पडद्यावर काय लिहिले आहे ते सोबतच्या शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्यावे आणि काम झाल्यावर आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून टाकावे, म्हणजे अंगठा कुणाला वापरता येत नाही. आईचे आम्ही तसेच ठेवले आहे, गरज पडली की तेवढ्यापुरते उघडतो.