फेसिंग झकास, मोजमाप मात्र घरून न्या: अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं बोअरिंग वर्कशॉप आणि बी-सिरीज इंजिन

अँबेसिडरचं जुनं १४८९ सीसी इंजिन आणि १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारचं इंजिन एकाच घरातलं. दोन्ही बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७३.०२५ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ८८.९ मिमी. पण अँबेसिडरमध्ये ते पन्नासेक हॉर्सपॉवरवर समाधानी, तर एमजीएमध्ये सुरुवातीला ६८ आणि लवकरच ७२. ब्लॉक तोच, म्हणजे फरक बहुतेक वरच्या मजल्यावर: कॉम्प्रेशन, हेड (सिलिंडरांवरचं व्हॉल्व्हवालं झाकण), दोन कार्ब्युरेटर, शिवाय व्हॉल्व्ह उघडणारा कॅम. गाडी एमजी असो की कुणी अँबेसिडरचं इंजिन टाकून चालू ठेवलेली दुसरी जुनी स्पोर्ट्स कार, कमी पैशात ताकद हवी असेल तर हेड उतरवून बोअरिंगवाल्याकडे, म्हणजे इंजिनाचे भाग घासून-कापून देणाऱ्याकडे न्यायचं, हाच रस्ता.

हा रिव्ह्यू सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचा. नाव घालत नाही, कारण खालच्या तक्रारी शहरातल्या बहुतेक बोअरिंगवाल्यांना थोड्याफार फरकाने लागू आहेत.

रोजचं गिऱ्हाईक म्हणजे ऊस ओढणारे ट्रॅक्टर आणि एमएच-१३ चे टेम्पो. त्यामुळे गळीत हंगामाच्या तोंडावर जाऊ नका, हेड तीन आठवडे कोपऱ्यात पडून राहील. एरवी चार दिवसांत मिळतं. फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं, सरफेस ग्राइंडरवर होतं आणि ते खरंच उत्तम. परत आलेल्या हेडवर स्टीलची सरळपट्टी तिरकी ठेवली, तर ०.०५ मिमीचं फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) कुठेच शिरत नाही.

अडचण त्याआधीची आहे. हेड टेबलावर ठेवलं की मिस्त्री एकच प्रश्न विचारतो, "किती थाऊ काढू?" तुमच्याकडे आकडा नसेल तर तो सवयीने वीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) घेतो, म्हणजे अर्धा मिमी. गळती थांबवायला ते पुरतं. ताकदीसाठी त्याचा उपयोग नाही.

आकडा असा काढायचा. १४८९ ला चारने भागलं की एका सिलिंडरचे ३७२ सीसी. कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन खाली असतानाची सगळी जागा वर असताना उरणाऱ्या जागेच्या किती पट. ते ७.२ असेल तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ३७२ भागिले ६.२, म्हणजे ६० सीसी. एमजीएचं ८.३ हवं असेल तर ३७२ भागिले ७.३, म्हणजे ५१. नऊ सीसी घालवायचे आहेत. हेडच्या चेंबरची (पेट्रोल पेटतं त्या खळग्याची) कड आलेख कागदावर उतरवून घ्या आणि चौकोन मोजा. समजा २८ चौरस सेंमी भरलं, तर १ मिमी फेसिंगला २.८ सीसी जातात. नऊ सीसीसाठी तीन मिमीच्या वर घासावं लागेल, आणि तेवढं घासलेलं हेड पाण्याच्या वाटेपाशी पातळ होऊन तडकतं. म्हणून नऊच्या नऊ हेडमधून काढू नका. कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर वाटी असते, तिथे सपाट पिस्टन टाकले की मोठा वाटा तिथेच सुटतो. वाटी सहा सीसीची निघाली तर हेडमधून फक्त तीन काढायचे, म्हणजे १.०७ मिमी किंवा ४२ थाऊ. मिस्त्रीला हा आकडा कागदावर लिहून द्या, तोंडी नको.

चेंबर मोजायला ५० मिलीची ब्युरेट, भोक पाडलेली अॅक्रिलिकची जाड पट्टी, थोडं ग्रीस आणि रंग घातलेलं रॉकेल एवढंच लागतं. प्लग आणि व्हॉल्व्ह बसवलेले हवेत. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत आले पाहिजेत. कमी भरलेल्या चेंबरची भिंत डाय ग्राइंडरने थोडी खरवडायची आणि पुन्हा मोजायचं. वर्कशॉप हे करत नाही, पैसे देऊ केले तरी नाही. ट्रॅक्टरवाला कधी मागतच नाही, तर त्यांनी सवय कशाला लावून घ्यावी!

फेसिंगनंतरची चूक मात्र त्यांच्या दारातच घडते, कारण हेड जोडून देण्याचंही काम ते घेतात. हेड ४२ थाऊने खाली बसलं की कॅमची हालचाल वर नेणारा पुशरॉड तेवढाच वर येतो आणि व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा कोन बिघडतो. टॅपेटचा स्क्रू सगळा मागे घेऊन क्लिअरन्स जमवला जातो, पण रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या कडेला घासत राहतं आणि व्हॉल्व्हचा गाईड एका बाजूने झिजतो. उपाय स्वस्त आहे, रॉकर शाफ्ट ज्यांवर बसतो त्या चारही पेडेस्टलखाली सारख्या जाडीची शिम (पातळ चकती). ज्या पेडेस्टलमधून ऑईल वर चढतं, त्याखालच्या शिमला भोक पाडायलाच हवं. ते राहिलं तर रॉकर शाफ्ट कोरडा पडतो.

सीट कटिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कड कापण्याला, मात्र पैकीच्या पैकी मार्क. ३०-४५-६० असे तीन कोन मागितले की मिळतात, इनलेटची सीट दीड मिमी आणि एक्झॉस्टची दोन मिमी रुंद. निळा रंग लावून व्हॉल्व्ह फिरवला तर गोल पूर्ण उमटतो. शिसं घातलेलं पेट्रोल २००० सालीच देशभर बंद झालं, त्यामुळे एक्झॉस्टला कडक धातूचे सीट इन्सर्ट बसवून घ्याच. नाहीतर मूळच्या ओतीव लोखंडात व्हॉल्व्ह हळूहळू रुतत जातो.

पोर्टचं, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या वाटांचं काम त्यांना देऊ नका. या हेडला चार सिलिंडरसाठी इनलेटची तोंडं दोनच, एक्झॉस्टची तीन. इथे पोर्टिंग म्हणजे सगळं मोठं करून आरशासारखं चकचकीत करणं, असा समज आहे. इनलेट चकचकीत केला की पेट्रोलचे थेंब भिंतीवरून ओघळतात, शिवाय पोर्टचा तळ खाली नेला तर वळण आणखी वाईट होतं. खरा फायदा सीटखालच्या पहिल्या सेंटिमीटरभर जागेत. तिथली कटरने सोडलेली धार मोडा, गॅस्केट टेकवून मॅनिफोल्डचं तोंड पोर्टशी जुळवा आणि ८० नंबरच्या कागदाचा खडबडीतपणा तसाच ठेवा. एका रविवारचं काम आहे.

बोअरिंग-होनिंग चांगलं करतात, सिलिंडरच्या भिंतीवरच्या तिरक्या रेघांची जाळी (क्रॉसहॅच) स्वच्छ दिसते. पण बोअर वाढवून ६० थाऊ ओव्हरसाइझ पिस्टन टाकले तरी इंजिन १५५२ सीसीच होतं, जेमतेम चार टक्के वाढ. बोअर झिजला नसेल तर त्या पैशात दुसरा एसयू कार्ब्युरेटर येतो. क्रँक तीन बेअरिंगचा आहे, पाच बेअरिंगचा एमजीबीला १९६४ मध्ये आला, तेव्हा साडेपाच हजारांच्या वर आरपीएम नेण्याचा नाद सोडा.

कॅमशाफ्टसाठी गावात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनी आहे ना, असं कुणीतरी म्हणतंच. आहे, पण ती मोठ्या कार कंपन्यांना पुरवठा करते, एका गाडीचा कॅम घासून देणं हा तिचा धंदा नव्हे. कमी बजेटमध्ये मूळचाच कॅम राहू द्या.

कॉम्प्रेशन ८.५ च्या वर नेण्याचा मोह सोलापुरात आवरावा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि या हेडचे इनलेट-एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्याने आत जाणारी हवा आधीच तापलेली असते. आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने नॉकिंगला, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याला, थोडा आळा बसतो, पण मिश्रण पातळ होतं. एसयूचा जेट नट खाली घेऊन मिश्रण घट्ट करा, तेवढ्याने भागत नसेल तर जाड मिश्रणाची नीडल टाका, आणि पेट्रोलचे जुने रबरी पाइप फेकून द्या. ठिणगीचं टायमिंग स्ट्रोब दिव्याने बघा, एकूण अॅडव्हान्स (पिस्टन वर पोहोचण्याआधी ठिणगी किती अंश पडते ते) ३० ते ३२ अंशांवर थांबवा. मग भर दुपारी तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. खणखण ऐकू आली तर दोन अंश मागे. वर्कशॉपमध्ये ताकद मोजायचा डायनो नाही, तुमची परीक्षा हीच.

सध्याचे दर: फेसिंग १,२००, सीट कटिंग व्हॉल्व्हमागे ३५०, कडक इन्सर्ट ७०० ला एक. आठ व्हॉल्व्ह आणि चार इन्सर्ट धरून हेडचे ६,८००. पिस्टन, गॅस्केट आणि कार्ब्युरेटर वेगळे. सगळं नीट जमलं तर पन्नासचे साठ-पासष्ट होतील ही वाजवी अपेक्षा, आणि समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर वर असल्याने त्यातले पाचेक टक्के हवेतच जातात.

बिल हाताने लिहिलेलं मिळतं, पण त्यावर किती थाऊ काढले ते नसतं. तो आकडा मागून लिहून घ्या, पुढच्या वेळी हेड उतरवणाऱ्याला लागेल. आणखी एक, हेडचे नट ते पान्याच्या अंदाजाने आवळतात. घरी टॉर्क रेंचने मधून बाहेर अशा क्रमाने, टप्प्याटप्प्याने ५० पाउंड-फूटपर्यंत न्या. पाचशे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना पुन्हा एकदा, आणि त्यानंतर टॅपेटचे क्लिअरन्स नव्याने लावा, कारण हेड आवळलं की तेही हलतात.