बटणांच्या अवस्था एसव्हीजीतून: द्राक्ष हंगामभर वापरल्यानंतर

नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्ष पॅकहाउसची वजन-नोंदणीची वेब प्रणाली मी सांभाळतो. हंगामाआधी तिची सगळी बटणं पीएनजीवरून (ठिपक्यांनी बनलेलं चित्र) एसव्हीजीवर (रेषा-आकारांच्या वर्णनानं बनलेलं चित्र) आणली. आता हंगाम उरकलाय, तेव्हा ठामपणे सांगतो: पद्धत उत्तम आहे, आणि तिचा खरा फायदा रेखीव कडांपेक्षा बटणाच्या अवस्था सांभाळण्यात आहे.

आधी दर बटणाची चार चित्रं असायची: साधं, हॉवर (माऊस वर आल्यावरचं), दाबलेलं, बंद. रंग बदलायचा म्हटलं की चारही नव्यानं काढा. आता चित्र एकच. पाथचा (चिन्हाच्या आकाराचा) फिल, म्हणजे आतला रंग, 'करंटकलर' ठेवला की बटणाच्या अक्षरांचा रंग तोच चिन्हाचा. दुसरा रंग हवा असेल तर सीएसएस (पानाचं रूप ठरवणारे नियम) व्हेरिएबल, म्हणजे नाव देऊन ठेवलेला रंग. 'यूज' टॅगनं (एकदा काढलेलं चिन्ह पुन्हा दाखवणारा) आणलेल्या चिन्हापर्यंतही तो पोहोचतो. 'आयएमजी' टॅगनं, म्हणजे वेगळी चित्रफाइल म्हणून, लावलेल्या एसव्हीजीवर मात्र पानाच्या सीएसएसची मात्रा चालत नाही.

चौकट एसव्हीजीत काढू नका. 'रद्द' आणि 'वजन नोंदवा' यांची रुंदी वेगळी, एकच चौकट ताणली की गोल कोपरे लांबुळके होतात. 'नॉन-स्केलिंग-स्ट्रोक'नं रेषेची जाडी टिकते, कोपरे टिकत नाहीत.

हॉवरला आपण उगाच भाव देतो. टॅबलेटवर बोट उचललं तरी हॉवरचा रंग तसाच राहायचा आणि काट्यावरच्या ताई विचारायच्या, "दादा, हे दाबलेलंच राहिलं का?" हॉवरचे नियम फक्त माऊस असलेल्या यंत्रांपुरते, 'हॉवर' मीडिया क्वेरीत (यंत्र कसलं ते पाहून नियम लावणारी अट) टाकले, प्रश्न मिटला.

खरी महत्त्वाची अवस्था म्हणजे 'नोंद होतेय'. शेडमध्ये नेट अडखळतं. क्रेट काट्यावर, बटण दाबलं, समोर काही हललं नाही की माणूस पुन्हा दाबणारच, आणि एका क्रेटची दोन वजनं पडणार. म्हणून बोट टेकताच बटण गडद होतं आणि नोंद पोहोचेपर्यंत चिन्हाच्या जागी वर्तुळ फिरतं. यासाठी 'डिसेबल्ड' (बटण पूर्ण बंद करणारा गुणधर्म) वापरत नाही, कारण कीबोर्डवर काम करणाऱ्या ऑफिसातल्या मुलाचा फोकस, म्हणजे पानावर कीबोर्ड जिथे आहे ती जागा, त्यानं हरवू शकतो. 'एरिया-डिसेबल्ड' (बटण बंद आहे असं फक्त सांगणारा गुणधर्म) लावतो आणि दुसरा क्लिक स्क्रिप्टमध्ये अडवतो. नुसत्या त्या गुणधर्मानं क्लिक थांबत नाही.

दाबलेलं आणि साधं यांत नुसता रंगाचा फरक पुरत नाही. शेडच्या दाराशी ऊन थेट पडद्यावर येतं, तिथे दोन हिरव्या छटा सारख्याच दिसतात. मी चिन्हाची रेषा जाड करतो, तीही सीएसएसमधूनच.

एक कटकट अजून आहे. रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमधून फाइल काढली की कधी कधी पाथवरच 'स्टाइल'मध्ये रंग लिहून येतो आणि बाहेरच्या नियमांना दाद देत नाही. नवं चिन्ह आलं की आधी फाइल उघडून ते रंग पुसतो, मगच प्रणालीत टाकतो.