ऑर्डरपासून शहरापर्यंत: जावात कोणत्या वाटेनं जायचं?

ऑर्डरच्या आत कस्टमर, कस्टमरच्या आत अ‍ॅड्रेस, अ‍ॅड्रेसच्या आत शहर. इनव्हॉइसवर ते शहर छापायचंय.

गेटरला (आतली किंमत परत देणाऱ्या मेथडला) गेटर जोडत गेलं की एका ओळीत काम होतं. मात्र मधलं काहीही नल, म्हणजे रिकामं, निघालं की नलपॉइंटरएक्सेप्शन ही एरर येते. जावा १५ पासून नेमकं काय नल होतं ते मेसेजमध्ये आपोआप येतं, त्यामुळे चूक लवकर सापडते; प्रोग्रॅम पडायचा तो पडतोच. मला याहून मोठी अडचण वाटते ती वेगळीच: इनव्हॉइसच्या क्लासला कस्टमर आणि अ‍ॅड्रेस दोघांचीही आतली रचना ठाऊक असावी लागते. उद्या कस्टमरला एकाऐवजी दोन पत्ते आले की इनव्हॉइस मोडतो. पायरीपायरीला नल तपासून हे सुटत नाही.

जावा ८ मध्ये, २०१४ साली आलेल्या ऑप्शनलनं (किंमत असेल किंवा नसेल असा डबा) मॅप करत, म्हणजे किंमत असेल तरच पुढची पायरी घेत, खाली उतरता येतं. पत्ता नसणं रीतसर असेल तिथे हे छान. माल दुकानातूनच नेला तर डिलिव्हरीचा पत्ता कुठून येणार? पण पत्ता सक्तीचा असेल तर ऑप्शनल चूक झाकतो आणि इनव्हॉइस शहराविनाच छापला जातो. तिथे एक्सेप्शन आलेलं बरं.

रेकॉर्ड म्हणजे नुसता डेटा धरणारा क्लास. जावा २१ मधले रेकॉर्ड पॅटर्न एका इन्स्टन्सऑफमध्ये (ऑब्जेक्टचा प्रकार तपासणाऱ्या ऑपरेटरमध्ये) तिन्ही थर उघडतात. मधला थर नल असला तर पॅटर्न जुळतच नाही. शहर स्वतः नल असेल तर मात्र जुळतो, तेवढं तपासा. एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडून, आलेल्या डेटासाठी मी हेच निवडेन. जेपीएच्या (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवायच्या स्टँडर्डच्या) एंटिटी, म्हणजे डेटाबेसच्या टेबलांशी जोडलेले क्लास, रेकॉर्ड असू शकत नाहीत, तिथे हा मार्ग बंद.

चौथा मार्ग, ऑर्डरलाच शहर विचारायचं. १९८७ साली नॉर्थईस्टर्न विद्यापीठात मांडलेला डिमीटरचा नियम हाच: ओळखीच्या ऑब्जेक्टशीच बोला. इनव्हॉइस सुटसुटीत होतो. पण पिनकोड, राज्य, फोन अशा प्रत्येकासाठी मेथड लिहीत बसलात तर ऑर्डर फुगते.

यातली वाट निवडण्याआधी नातं नीट तपासा. ग्राहकानं घर बदललं तर गेल्या वर्षीच्या ऑर्डरवरचं शहर बदलावं का? नाही ना? मग तो पत्ता ऑर्डरचा स्वतःचा भाग आहे, याला कम्पोझिशन म्हणतात. कस्टमर फक्त असोसिएशन, म्हणजे ऑर्डरशी जोडलेला, पण स्वतंत्र. ऑर्डर घेतानाच पत्त्याची प्रत तिच्यात ठेवा. साखळीतली एक कडी कमी होते. उरलेल्या दोन टिंबांसाठी (गेटर जोडणारी टिंबं: ऑर्डर ते पत्ता, पत्ता ते शहर) साधे गेटर मला चालतात. शहर तीन-चार ठिकाणी लागत असेल तर ऑर्डरवर एक मेथड.