सायबरपंक रेड: इम्प्लांट घ्या, पण पाचाच्या हिशोबाने

सायबरपंक रेड हा टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा रोल-प्लेइंग खेळ. फोंड्यात चवथीच्या आधीपासून खेळतोय, त्यामुळे ओळख सोडून थेट मुद्द्यावर येतो: प्रत्येक इम्प्लांटमागे (शरीरात बसवलेलं यंत्र) कमाल ह्युमॅनिटीतून (कॅरेक्टरच्या माणूसपणाचा आकडा) कायमचे कापले जाणारे 2.

सगळ्यांचा जीव अडकतो तो ह्युमॅनिटीच्या तात्पुरत्या, थेरपीने भरून निघणाऱ्या नुकसानीत. न्यूरल लिंक (मज्जासंस्थेचा जोड), सँडेविस्टन (चपळाई वाढवणारं यंत्र) आणि एक सायबर डोळा, प्रत्येकी 7, मिळून 21. एम्पथी (माणसांशी जुळवून घेण्याचा गुण) 6 म्हणजे ह्युमॅनिटी 60, उरली 39. एम्पथी दशकाच्या अंकावर ठरते, म्हणजे थेट 3. माल 1100 एडींचा (एडी म्हणजे खेळातलं चलन). थेरपीच्या एका आठवड्याला 500 एडी, आणि परत मिळतं दोन फाशांवर पडेल तेवढंच, सरासरी 7. एम्पथी 5 वर आणायला 11 हवेत, म्हणजे बहुधा आणखी 1000 एडी. खिसा तिथेच रिकामा होतो. त्यात तीन इम्प्लांटचे 6 कायमचे गेलेले, म्हणून कितीही थेरपी करा, ह्युमॅनिटी 54 च्या वर चढत नाही.

ही 2 ची कायमची कपात आधी जुलमी वाटायची. आता तोच नियम सगळ्यात आवडतो, कारण त्यामुळे विचार करून खरेदी करावी लागते. 60 वर पहिलं इम्प्लांट बसलं की कमाल 58, एम्पथीचा एक अंक कायमचा गेला. पुढची चार बसवली तरी कमाल 50, अंक तोच. सहाव्याला 48. म्हणून हौसेने एकच डोळा बसवून थांबणं शुद्ध तोट्याचं. शून्य तरी ठेवा, नाहीतर पाच. बोर्गवेअर (शरीरात मोठा बदल करणारी यंत्रं) मात्र 4 कापतं. शून्य नुकसानीचं फॅशनवेअर (नुसतं दिखाव्याचं) काहीच कापत नाही.

14 ह्युमॅनिटी खाणारी वस्तू कॅरेक्टर बनवतानाच घ्या. तेव्हा ठरलेला आकडा लागतो, खेळात मात्र चार फासे पडतात आणि 24 सुद्धा जाऊ शकतात.

हमखास राहून जातं ते एक: एम्पथी खोडून नवी लिहितात, पण तिच्यावर अवलंबून असलेल्या ह्युमन परसेप्शन आणि कॉन्व्हर्सेशन या कौशल्यांचे बेस (मूळ आकडे) जुनेच राहतात. खोडून खोडून पावसाळ्यातला दमट कागद नेमका त्याच चौकटीत फाटतो. कॅरेक्टरचे आकडे लिहिलेली शीट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून वरून व्हाइटबोर्ड मार्करने लिहा.

आणि जीएमने (खेळ चालवणाऱ्याने) थेरपीचा आठवडा खेळातल्या तारखांत खरोखर मोजावा. तो सोडून दिला तर पैसेवाल्या कॅरेक्टरला या नियमाची झळच लागत नाही.